दातातला दोरा

३ जानेवारी, शुक्रवार

आले एकदाची नाशकात. सिन्नरहून येताना एसटीत खिडकी मिळाली, शेजारची बाई उलटी करणारी निघाली नाही आणि पिशवीत लोणच्याचा डबा सांडला नाही. म्हणजे दिवस चांगलाच गेला म्हणायचा.

ही माझी मापाची वही. चाळीस वर्षं अशा वह्यांमध्ये सिन्नरच्या बायांच्या छात्या, बाह्या नि मुंढे लिहिले. ही शेवटची अर्धी कोरी राहिली, कारण बाया आता तयार ब्लाउज घेतात आणि मग काखेत काचतं म्हणून रडतात. कोरी पानं टाकून द्यायची कशाला, म्हणून रोजचं लिहीन म्हणते. माझी शाळा चौथीपर्यंत. पण मापं लिहून लिहून अक्षर बरं झालंय, आणि वाचणारं कोणी नसल्यामुळं कोणाची भीडही नाही.

योगेश, माझा मुलगा, स्टँडवर घ्यायला आला होता. त्यांचा फ्लॅट इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर. सून सुवर्णा बँकेत जाते. नात दीपमाला पुण्यात नोकरीला, म्हणून तिची खोली मला दिली. खोलीत मला माझ्यापेक्षा मोठा आरसा आहे आणि भिंतीला दिव्यांची माळ लावलीय, ती कशी बंद करायची ते कोणालाच माहीत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी मोरीत घसरले. डावा खांदा निखळला, बसवला, तो अर्धा इंच खालीच बसला. तेव्हापासून योगेशचा धोशा, आई, एकटी राहू नको. मी म्हटलं येते, पण मशीन घेऊन येते. सुवर्णा म्हणाली, आई, मशीन ठेवायची कुठं, गॅलरीत कुंड्या आहेत. मग तिनंच तोड काढली. इथं एका कॉलेजात बायकांसाठी वेशभूषेचा वर्ग आहे, तीन महिन्यांचा, शिक्षणाची अट नाही. तो पुरा करा, सर्टिफिकेट आणा, मग कुंड्या हलवू.

मला दिवसभर घराबाहेर ठेवायची ही युक्ती आहे, एवढं कळतं मला. पण युक्ती वाईट नाही. परक्या घरात म्हातारीला बसायला खुर्ची मिळते, जागा मिळत नाही. मशीन आली की मला जागा होईल.

६ जानेवारी, सोमवार

आज वर्गाचा पहिला दिवस. मी धरून बारा जणी. मी आत गेले तर एक पोरगी म्हणाली, मावशी, पंखा पुसायचा राहिलाय. मी म्हटलं, मीपण तुझ्याच वर्गात आहे बाळ, मधल्या सुट्टीत दोघी मिळून पुसू. पोरगी लाल झाली. तिचं नाव सायली, हरसूलकडची, हॉस्टेलवर राहते. नंतर येऊन माझ्याच बाकावर बसली. सुईत दोरा ओवायला तिला चार मिनिटं लागतात. मला चष्म्याशिवाय एक.

शिकवायला मोहिनी मॅडम. त्या म्हणाल्या, कपडा म्हणजे माणसाची दुसरी कातडी. मी मनात म्हटलं, बाई, पहिल्या कातडीला आधी अस्तर तरी लावा, हडकुळी आहेस. पण बाई चांगली आहे. हात न पुसता कापडाला लावत नाही.

गळ्यात घालायचं कार्ड मिळालं. फोटो, खाली ठमाबाई पुंजा बोडके, आणि त्याखाली विद्यार्थिनी. अडुसष्टाव्या वर्षी. आमचे हे असते तर आठवडाभर हसले असते. जेवताना योगेशला दाखवलं. छान आहे म्हणाला. मोबाईलमधून मान वर केली असती तर आणखी छान दिसलं असतं.

१० जानेवारी, शुक्रवार

आज मॅडमनी सगळ्यांना सीबीएस स्टँडच्या पुढं एका हॉलात नेलं. सिनेमाच्या कपड्यांचं प्रदर्शन आलंय, मुंबईच्या एका जुन्या कपडेपटवाल्याचं. सव्वीस तारखेपर्यंत आहे. पुढं नागपूरला जाणार. प्रत्येकीनं एक पोशाख निवडायचा, सव्वीसपर्यंत येऊन येऊन त्याची मापं, कापड, शिलाई सगळं वहीत उतरवायचं. त्यावर अर्धे मार्क.

पोशाख पुतळ्यांना घातलेत. हल्लीच्या दुकानांतले बिनतोंडाचे नाहीत, जुने लाकडी, नाक-डोळे कोरलेले, ओठांना रंग. पोरी टिकल्यांच्या घागऱ्यांकडं धावल्या. मी बाजूनं फिरले. पार कोपऱ्यात, आग विझवायच्या लाल नळकांड्याशेजारी, एक म्हातारी उभी होती. तपकिरी लुगडं, हिरव्या खणाची चोळी. पायाशी पाटी. गर्दीतली म्हातारी. चित्रपट: माहीत नाही.

कोणाला माहीत नाही, कोणी बघत नाही. पण चोळीची शिलाई हाताची, आणि काय हात होता तो. टाका टाक्याला चिकटून. मी म्हटलं, ही माझी. सायली म्हणाली, आजी, तुम्ही आरशासमोर उभ्या आहात का. मी म्हटलं, आरसा असता तर मागं एक आगाऊ पोरगी दिसली असती.

माप घेतलं. छाती अडतीस. उंची चौदा. खांदा पंधरा, दोन्हीकडं सारखा. बाही दहा. दणकट बाई असणार जिनं हे घातलं.

चोळीचा उजवा मुंढा, बाही जोडतात तो, उसवला होता. या कपड्यांबरोबर गावोगाव फिरणारा गोटीराम म्हणून एक माणूस आहे, माझ्याच वयाचा, इस्त्री करून करून उजवा हात काळा पडलेला. तो म्हणाला, कापड विरलंय, काढायला गेलं तर हातात येईल, पुतळीवरच कोणी दोन टाके घालील का. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मी पिशवीतनं हिरवा दोरा काढला.

आता इथं एक सांगायला पाहिजे. अंगावर कपडा शिवू नये. अंगावर शिवतात ते मढ्याला. पण लग्नघरात नवरीचा ब्लाउज ऐन वेळी ढिला होतो, तेव्हा अंगावरच शिवावा लागतो. मग तिच्या दातात दोऱ्याचा तुकडा द्यायचा. माणूस जितं आहे हे सुईला कळावं म्हणून. शिवून झालं की ज्यानं दोरा दिला त्यानंच तो काढून घ्यायचा. हे माझ्या सासूनं शिकवलं. चाळीस वर्षांत किती नवरीमुलींच्या दातात दोरा दिला, मोजला नाही. हाताला सवयच झाली.

त्या सवयीनंच आजही झालं. पुतळीचे ओठ थोडे उघडे कोरलेले होते. वीतभर दोरा तोडला नि मी तो तिच्या ओठांत खोवला. खोवल्यावर ध्यानात आलं, काय करतेय मी. गोटीराम हसला. म्हणाला, बाई, ती काय बोंब मारणार आहे का. मग मी त्याला रीत समजावून सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतली, कपड्यातलं माणूस आहे. मुंढा झकास बसला. तेवढ्यात चहा आला, मग पोरींचे फोटो, मग बस.

घरी येऊन हातपाय धुताना आठवलं, दोरा काढून घ्यायचा राहिला.

राहिला तर राहिला. लाकडाला काय.

१३ जानेवारी, सोमवार

वर्ग सुटल्यावर सायली नि मी हॉलात गेलो. माझ्या म्हातारीच्या ओठांत दोरा तसाच होता, पण वीतभर लोंबत होता तो आता बोटभरच दिसतो. गोटीरामनं कातरला असेल म्हणून विचारलं. तो म्हणाला, तुमच्या दोऱ्याला मी कशाला हात लावू.

मग मी ओढला. आला नाही. लाकडाच्या फटीत अडकला असेल. फक्त टोक ओलं होतं, सुईत ओवायच्या आधी आपण जिभेवर ओलं करतो तसं.

माप पुन्हा घेतलं. छाती सदतीस. आपण शुक्रवारी चुकलो की काय. टेप पट्टीला लावून पाहिला, बरोबर आहे. म्हणजे मीच चुकले. लिहून ठेवते, कारण मापात माझी चूक शेवटची झाली तेव्हा योगेश पहिलीत होता.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी दोघांना तिळगूळ दिला. गच्चीवर पोरांचा पतंगासाठी धिंगाणा. संध्याकाळी सुवर्णानं टेबलावर ताटं घेतली, दोनच. मी आपली खुर्चीत बसलेली. दोघांनी जेवायला सुरुवात केली. योगेश गुळाची पोळी मोडत म्हणाला, आईला आवडते. मी म्हटलं, मग आईला दे. सुवर्णा दचकली. अगं बाई, आई, तुम्ही इथंच आहात, म्हणाली. लगेच ताट घेतलं, दोनदा सॉरी म्हणाली, तूपही जास्त वाढलं.

चूक होते माणसाकडनं. पण दचकली का.

१६ जानेवारी, गुरुवार

आज दिवसभर ब्लाउज खांद्यावरनं घसरत होता. मीच शिवलेला, मागच्या दिवाळीत. माझा ब्लाउज घसरत नाही.

हॉलात म्हातारीची छाती भरली पस्तीस. खांदा चौदा. बाही नऊ. आणि डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली.

सायलीच्या हातात टेप दिला. तिचंही माप तेच आलं. मी म्हटलं, चोळी कोणी आत घेतली का. गोटीरामनं आईची शपथ घेतली. मी शिलाई उलटून पाहिली. कुठं टाका हललेला नाही, माझे हिरवे तेवढे नवे. शिलाई तीच, चोळी लहान. असं होत नाही. धुतल्यावर कापड आटतं, पण उभं-आडवं आटतं. एका खांद्यानं आटत नाही.

सायली म्हणाली, आजी, तुमचं पहिलं माप चुकलं असेल. पोरीनं प्रेमानंच म्हटलं. मला मात्र कोणी मुस्कटात दिल्यासारखं झालं.

दोरा आता नखाएवढा दिसतो. चिमटीत धरता येत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

सुवर्णाकडं हळदीकुंकू. मला त्यात काम नाही, आमचे हे गेल्यापासून सवय आहे. दीपमालाच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून होते. दार उघडं. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटले.

एकेक बाई खोलीत येऊन पर्स नि शाल पलंगावर टाकत होती. वरच्या मजल्यावरची एक जाडी बाई आली, फोनवर बोलत बोलत तिनं पर्स माझ्या मांडीवर ठेवली. मग शाल काढली आणि माझ्या खांद्यावर टाकली, डाव्या. ती घसरली. तिनं उचलली, उजव्या खांद्यावर नीट बसवली, चापून, आणि गेली.

मी बोलले नाही. आधी राग आला म्हणून. मग बघू तरी कोणाच्या लक्षात येतंय का, म्हणून. तासाभरानं ती शाल काढून घेऊन गेली. जाताना आरशात बघून केस सारखे केले. आरशात मी तिच्या मागंच होते.

२० जानेवारी, सोमवार

मॅडमनी हजेरी घेतली. माझं नाव घेतलं, मी हजर म्हटलं. त्यांनी पुन्हा घेतलं. सायली म्हणाली, मॅडम, आजी आल्यात की. मॅडमनी बाकाकडं पाहिलं, सायलीकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, प्रॉक्सी चालणार नाही. पोरी हसल्या. सायली हसली नाही. तिनं माझा हात धरला. कुठं धरावा हे तिला आधी चाचपावं लागलं.

कार्डावरचा फोटो पांढरा पडलाय. नाव आहे.

दुपारी आरशासमोर स्वतःचं माप घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. छाती बत्तीस. उंची तेरा. खांदा तेरा, डावा अर्धा इंच खाली. बाही साडेआठ. उद्या तिचं घेते. दोन्ही शेजारी शेजारी लिहिते, म्हणजे काय ते कळेल.

२१ जानेवारी, मंगळवार

ती — छाती बत्तीस. उंची तेरा. बाही साडेआठ. खांदा तेरा. डावा अर्धा इंच खाली.

मी — तेच.

तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट बघितलं. लाकडाचं. टोकाला बारीक बारीक भोकं, सुईची. माझ्या बोटाला आहेत तशी. पहिल्या दिवशी गुळगुळीत होतं, मी त्यावर बोट फिरवलं होतं.

ओठ मिटलेत. दोरा दिसत नाही.

बसमध्ये कंडक्टर माझ्याशी थांबला नाही. सगळ्यांना तिकीट दिलं, माझ्या पुढच्या बाईला, मागच्या बाईला. मी हात पुढं केला तो तसाच.

घरी भाकरी खाताना दाढेला काहीतरी लागलं. काढलं. दोरा. हिरवा. ओढला तर येतच राहिला, वीतभर, हातभर. आणि ओढला की दुखतंय ते घशात नाही. उजव्या काखेत दुखतंय. मुंढ्याला.

ओढायचं थांबवलं. कातरला. पुन्हा तोंड चाचपलं तर टोक आहेच.

२३ जानेवारी, गुरुवार

मशीन आली.

योगेशनं सिन्नरहून टेम्पोत घालून आणली. सर्टिफिकेटाआधीच. मला वाटलं माझी दया आली. गॅलरीतल्या कुंड्या हलवल्या, मशीन मांडली. मी दारात उभी. सुवर्णानं पुसली, पायट्याला तेल घातलं. मग मनीप्लांटची कुंडी उचलली नि मशीनवर ठेवली. जरा लांब होऊन बघितलं. म्हणाली, छान दिसते. आईंची आठवण राहील.

योगेशनं डोळे पुसले.

मी हाक मारली. योगेश. योग्या. त्याच्या कानाशी. त्यानं कान खाजवला.

दीपमालाचा फोन आला, तोंड दिसतं तो. सुवर्णानं फोन गॅलरीत फिरवला, मशीन दाखवली. मी पुढं गेले, फोनच्या अगदी पुढं. दीपमाला म्हणाली, मम्मी, नुसती भिंत दिसतेय.

मी रडणारी बाई नाही. सरणाशी रडले नाही. आज कुंडीकडं बघून

जाऊ दे.

२४ जानेवारी, शुक्रवार

विचार केला. नीट केला. भ्यायचं तर काम उरकून भ्यावं.

मी दोरा दिला म्हणजे सुईला सांगितलं, ही जिती आहे. काढून घेतला नाही म्हणजे तसंच राहू दिलं. एवढीच चूक. उसवता येते. आधी माझे टाके कापायचे. मग दोरा काढायचा. ज्यानं दिला त्यानंच. म्हणजे मीच.

रविवारी प्रदर्शन संपतं. कपडे ट्रंकांत. नागपूर. एकदा ट्रंक बंद झाली की कोण मला —

कात्री हातात बसत नाही. अंगठ्याचा सांधा वळत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

गेले. कुलूप होतं. आज दुपारनंतर बंद, आवराआवर. काचेतनं बघितलं.

ती कोपऱ्यात नाही. दाराकडं तोंड करून उभी आहे.

गोटीराम आत चहा पीत होता. तिच्याकडं पाठ. काच वाजवली. त्यानं बघितलं, माझ्या आरपार, रस्त्याकडं.

सायलीला फोन लावला. आवाज गेला नाही. तिचा येत होता. आजी? आजी, बोला ना. आजी, तुम्ही ठीक आहात ना? मग म्हणाली, उद्या हॉलात भेटू, शेवटचा दिवस आहे.

तिला अजून मी आहे. एकटीला.

२६ जानेवारी, रविवार

चालत आले. रिक्षा थांबत नाहीत. शाळेची पोरं झेंडे घेऊन माझ्या अंगावरनं गेली. बाजूनं नाही.

निळी साडी नेसून निघाले. लिहून ठेवते. निळी.

हॉल उघडा. ट्रंका मांडल्यात. कोपऱ्यात ती नाही. नुसती बैठक नि लोखंडी दांडा. पाटी तशीच.

पाय उचलेनात. बैठकीवर टेकले. जरा दम — वही मांडीवर. बोटं चालतात अजून.

लुगडं. तपकिरी. माझ्या अंगावर. निळी नेसले होते मी. निळी.

खणाची चोळी. बरोबर बसलीय. कुठं घडी नाही. मी शिवल्यासारखी.

उजव्या मुंढ्याला माझे टाके. हिरवे. कात्री आणलीय. दोन्ही हातांनी धरून — कापला. एक. दुखलं. दुसरा. सगळे. उसवला मुंढा.

आता दोरा. ओढते. येत नाही. दात उघडत नाहीत.

सायली आली. सायली. इकडं बघ बाळ.

तिच्याबरोबर कोणी आहे. निळी साडी. गळ्यात माझा टेप, माझं कार्ड. कार्डावर फोटो आहे. डावा खांदा अर्धा इंच खाली. सायली तिचा हात धरून चाललीय. चाचपत नाही. सायली म्हणाली, आजी, काल फोनवर का बोलत नव्हता. ती म्हणाली, तोंडात दोरा होता गं.

माझा आवाज.

माझ्यापुढं थांबल्या. सायली बघतेय. बघतेय माझ्या डोळ्यांत. म्हणाली, ही किती तुमच्यासारखी आहे. ती म्हणाली, माझ्यामागं एक आगाऊ पोरगी दिसतेय का बघ. दोघी हसल्या.

सायली गेली घागऱ्यांकडं. गेली.

गोटीराम आला. म्हणतोय, बाई, मुंढा पुन्हा उसवला हिचा. ट्रंकेत घालायच्या आधी दोन टाके घाला. दातात दोरा आहेच म्हणे. तुम्हीच दिलेला.

ती वाकली. सुई ओवलीय, चष्म्याशिवाय. माझ्या ओठांशी आली. दोरा धरला. ओढतेय. येतोय. सगळा येतोय.

त्याला म्हणाली, हा आता कशाला. लाकडाला काय.

काढला.

दातात काही नाही. बोलता येत नाही तरी. सुई मुंढ्याशी आली. सुईला आता कळणार नाही की मी जि